तेलाचं बोट

"हेमा, व्हयनं का?"

पडद्यापलीकडून अभिमनचा आवाज आला. गिऱ्हाइकाच्या कानावर जाणार नाही इतका हळू, आणि बायकोच्या कानावर गेलाच पाहिजे इतका टोकदार.

 हेमलताच्या हातातल्या सुईच्या टोकावर निळा थेंब होता आणि श्वास उरात कोंडलेला होता. समोर फडक्यावर कुणाच्या तरी पिस्तुलाची मूठ, आणि मुठीचा स्क्रू तिळाएवढा. गोळी सुटली की दरवेळी हादरा बसायचा आणि हा तीळ कणाकणानं उलटा फिरायचा. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम त्या निळ्या, चिकटून सुकणाऱ्या थेंबाचं होतं.

आट्यांत अडकलेली जुनी वाळकी खपली तिनं सुईनं उकरून काढली होती. आटे स्पिरिटनं धुतले होते आणि तसेच वाळू दिले होते. फुंकर मारली नव्हती, कारण फुंकरीतही ओल असते. आता थेंब. बाटलीतून सरळ ओतला तर तो ओघळतो, खाली घोड्याच्या कळीत उतरतो आणि जे फिरायला हवं तेही जखडून टाकतो. म्हणून तो सुईच्या टोकावर घ्यायचा आणि आट्यांच्या मधोमध टेकवायचा, तान्ह्याच्या गालाला तीट लावावी तसा. मग स्क्रू पिळायचा डिसमिस घ्यायचा, खाचेत पुरता भरणारा. पातळ असला की तो खाच खातो. स्क्रू बसला की थांबायचं. इथंच पुरुषांचं चुकतं, असं हेमलताला मनातून वाटायचं. स्क्रू बसला तरी त्यांना तो अजून बसवायचा असतो.

ओठांतल्या ओठांत ती गुणगुणत होती. आई जात्यावर गायची त्या चालीत तिनंच जुळवलेलं,

*सुईच्या गं टोकावर, निळं पाणी तोलू तोलू*
*श्वास धरिते उरात, नको वाऱ्या आता बोलू*

"हेमा!"

तिनं मूठ पडद्याबाहेर केली. अभिमनच्या डाव्या हातानं ती घेतली. उजवा हात खिशात होता. गिऱ्हाइकासमोर तो नेहमी खिशातच असायचा आणि लोकांना तो रुबाब वाटायचा.

"घ्या भाऊ. आता पिस्तूल गंजेल, पण हा स्क्रू हलायचा नाही. आजचा दिवस वापरू नका, सुकू द्या."

"अभिमनभाऊ, हात शे का काय शे तुमना!" गिऱ्हाईक खूश होऊन म्हणालं.

पडद्याआड हेमलतानं सुई पुसून डबीत ठेवली.

धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत हे बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं, परवाना आता अभिमनच्या नावावर. पुढे दुकान, मागे घर, आणि मधे हा फुलाफुलांचा पडदा. अभिमन खरोखरच मोठा कारागीर होता. मग त्याच्या उजव्या हाताला थरथर सुरू झाली. नाशिकच्या डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. थरथर निवली, पण गेली नाही. बारा बोरच्या बंदुकीचा दस्ता घासायला, नळी पुसायला तो हात चालायचा. तिळाएवढ्या स्क्रूपुढे मात्र तो वाऱ्यातल्या पिंपळपानासारखा व्हायचा. पहिल्यांदा स्क्रूचं डोकं खाल्लं गेलं तेव्हा अभिमन दुकानाचं शटर ओढून आत बसून राहिला होता. हेमलता त्याच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माले दाखवा कसं करतस ते." माहेरी ती आईबरोबर पोती ओवायची, मण्यामण्यांत दोरा घालायची. तिची बोटं लगेच शिकली.

तेव्हापासून स्क्रू तिचे आणि नाव त्याचं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. नवऱ्याची लाज झाकायला पडदा लावला होता. त्याच्यामागे आपण कायमच्या राहायला आलो, हे कळायला तिला उशीर लागला.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात प्रेमराज आले. जळगावला, पिंप्राळ्यात, त्यांनी नेमबाजीचं केंद्र काढलं होतं. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट, बोलणं घाईचं. बरोबर आणलेली लांब पेटी त्यांनी टेबलावर उघडली. आत मॅचची एअर रायफल होती.

"अभिमनभाऊ, ही आमच्या दिपमालाची. असोद्याची पोरगी आहे, यंदा राज्य स्पर्धेला जाणार. मागच्या साईटचा हा स्क्रू बघा. दहावीस छर्रे गेले की ढिला. पोरीचा नेम पक्का, साईटच सरकते. दोष कुणाचा सांगा?"

"स्क्रूचा," अभिमन म्हणाला.

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मॅच आहे, इथंच धुळ्यात. आणि दुसरी गोष्ट." प्रेमराज स्टूल ओढून बसले. "मला केंद्रावर कायमचा माणूस पाहिजे. पगार, राहायला खोली, सगळं. वर्कशॉप काचेचं केलंय, चारही बाजूंनी. पोरांना आपलं हत्यार कोण कसं हाताळतं ते दिसलं पाहिजे ना. निम्म्याच्या वर तर मुलीच आहेत. दसऱ्याला पूजेला येतो, तेव्हा हो की नाही सांगा. ही रायफल तोवर राहू द्या. पूजेत ठेवा, पोरीची हौस आहे. पूजा झाली की स्क्रू बसवून द्या."

पडद्याआड हेमलताच्या हातातलं फडकं थांबलं. चारही बाजूंनी काच. काचेला पडदा नसतो.

दुपारी तिनं ताट वाढलं. कळण्याची भाकरी, ठेचा, वर तेल. अभिमन डाव्या हातानं तुकडा मोडत होता.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय?"

"काचनी खोली."

त्यानं तुकडा ठेच्यात बुडवला. "तठे माले लपता येणार नही."

"मी कुठं म्हणस लपा? सांगी टाका ना सरले. म्हणा, मनी बायको करस. त्यास्नाकडे मुलीच शेतस, बाईमाणूस चालीन." ती थांबली. "तुम्हना हात चालस तवढं तुम्ही करा, बाकी मी. दोघं जाऊत. पण सांगा एकदा."

अभिमननं तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे वाईट नव्हते. "सांगसू," तो म्हणाला. "दसराले, सर उनात का सांगसू. बठ्ठास्नामोरे." सगळ्यांसमोर, तिनं मनात पुन्हा म्हटलं.

त्या आठवड्यात हेमलता घरात चालायची ती जमिनीवरून नव्हे. तुरीच्या शेतात शेंगा भरल्या की वारा नसतानाही एक सळसळ असते, तशी तिच्या अंगात होती. रायफलीवरची धूळ पुसताना तिनं ती दोन्ही हातांवर तोलून पाहिली. आपण काचेच्या खोलीत उभ्या आहोत आणि बाहेर पोरी नाकं लावून बघताहेत, असं तिला दिसलं. हसूच आलं. कोणतं पातळ नेसायचं, इथवर तिचं ठरलं.

दसऱ्याला दुकानापुढे झेंडूचं तोरण लागलं. टेबलावर लाल कापड अंथरून दुरुस्तीला आलेली हत्यारं मांडली होती, मधोमध दिपमालाची रायफल. चारपाच जुनी गिऱ्हाइकं टोप्या घालून आली. प्रेमराज आले, आणि त्यांच्याबरोबर दिपमाला. उंच, काटक पोरगी, केंद्राचं जॅकेट, मनगटाला काळा दोरा.

या घरात दसऱ्याची पाळणूक कडक होती. हत्याराच्या प्रत्येक जोडाला, प्रत्येक स्क्रूला तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लागायचं. ते लावायचं घरच्या पुरुषानं. बाईनं त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, उंबऱ्याआतूनच ओवाळायचं. हेमलताची सासू भिकुबाई खुर्चीत बसून पहाऱ्यावर होती.

"हेमले, मांगे सरक व. पदर लागीन."

"नही लागत, अक्का."

"लागत नही म्हने! वरीसभर तू आन् तुनी सुई. आज एक दिन तरी हात लांब ठेव."

अभिमनचं बोट फिरत होतं. तेल लावायला हात थरथरला तरी चालतो. मागच्या साईटच्या स्क्रूवर त्याचं बोट टेकलं, दाबलं, शेंदराचा ओघळ खाचेत उतरला.  तेल आट्यांत गेलं की निळं धरत नाही. पण तिनं स्वतःची समजूत घातली, की आता सांगणं होईल, मग मी स्पिरिटनं धुऊन घेईन. उजळ माथ्यानं, त्या टेबलाशी उभी राहून.

आरती झाली. आपट्याची पानं हातोहात झाली. पेढा तोंडात टाकत प्रेमराजनी खिशातून मोबाईल काढला.

"अभिमनभाऊ, आता स्क्रू इथंच बसवा, सगळ्यांसमोर. मी व्हिडिओ घेतो. आमच्या पोरांना दाखवतो, आपला नवा माणूस बघा म्हणून. काय, येणार ना?"

सगळे हसले. अभिमनही हसला. त्यानं उंबऱ्याकडे पाहिलं.

हेमलता एक पाऊल पुढे आली. ओवाळणीचं ताट तिच्या हातात तसंच होतं. आता. आता म्हणेल.

"काय भाऊ, लाजतास का?" एक टोपीवाला म्हणाला. "तुम्हना हात तं बठ्ठा धुळाले माहीत शे."

अभिमनची नजर उंबऱ्यावरून मोबाईलवर गेली. काळ्या काचेत त्याला स्वतःचाच चेहरा बारीक दिसला असावा. त्यानं खिशातून उजवा हात काढला.

"त्यात काय सांगायचंय," तो म्हणाला, आणि डिसमिस उचलला.

त्यानं स्क्रू सोडवला. तो ढिलाच होता, हातानं निघाला. शेंदूर फडक्याला पुसला. वरवर. मग बाटली घेतली. हेमलताला उंबऱ्यातूनही दिसलं, की बाटली लाल होती. निळं धरतं आणि डिसमिसनं सोडतं. लाल एकदा धरलं की तापवल्याशिवाय सोडत नाही. ते जाड बोल्टाला लावायचं.

"आधी तेल पुसा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "आन् ती बाटली नको."

"गप व!" भिकुबाई खेकसली. "पुरुष माणसं बोलतास तठे."

हात थरथरला आणि थेंबाऐवजी धार गेली. त्यानं स्क्रू घातला, डिसमिस टेकवला. तो पातळ होता. थरथर दाबायला त्यानं जोर केला, आणि जोरानं थरथर वाढली. एक वेढा. दुसरा. स्क्रू बसला होता. तो थांबला नाही.

कर्र.

आवाज बारीकच होता, भाजलेली ज्वारी दाताखाली यावी तसा. डिसमिस सटकला, साईटवर पांढरा ओरखडा उमटला. खाच खाल्ली गेली होती, स्क्रू तिरपा बसला होता, आणि कडेनं लाल ओघळ येत होता.

प्रेमराजनी मोबाईल खाली घेतला.  दिपमाला पुढे येऊन बघत राहिली. "सर, उद्या मॅच आहे," ती म्हणाली. 

अभिमन त्या स्क्रूकडे बघत होता. कपाळावर घाम होता. उजवा हात आता सगळ्यांना दिसेल असा टेबलावर पडला होता. कुणी बघायच्या आत त्यानं तो खिशात घातला आणि मान वळवली.

"हेमा, तू हिला हात लावला होता ना? कालपरवा?"

तिनं टेबलावरच्या रायफलीकडे पाहिलं.

"दसऱ्याच्या हत्याराला बाईचा हात लागला की असं होतं," अभिमन सगळ्यांना म्हणाला. शुद्ध, दुकानातल्या भाषेत. "वडिलांच्या काळापासूनची पाळणूक आहे. माझ्या हातून कधी स्क्रू गेलाय का? विचारा कुणालाही. हिनं हात लावला रायफलीला."

टोप्या उंबऱ्याकडे वळल्या. भिकुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. इतकी वर्षं हेमलता वाट बघत होती, की त्यानं चारचौघांत तिच्या हाताचं नाव घ्यावं. त्यानं घेतलं होतं.

ताटातली वात फडफडली. तिनं ती तळव्याच्या आडोशाला घेतली.

"हो," ती म्हणाली. "मीच लावला हात."

"अहो, असं काही नसतं, भाऊ," प्रेमराज अवघडून म्हणाले. "वहिनी, तुम्ही मनावर घेऊ नका. पण ते... संध्याकाळपर्यंत होईल का हे नीट?"

"होईल," अभिमन म्हणाला. "पूजेची गडबड निवली, की मी एकटा बसून करतो."

"आणि केंद्राचं?"

अभिमननं भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. सगळ्यांना दिसेल असं पाहिलं. "सर, वडिलांची गादी सोडून नाही यायचं. माफ करा. काचेची खोली दुसऱ्या कुणाला द्या."

टोप्या कौतुकानं हलल्या. असा माणूस राहिला नाही आजकाल, असं कुणीतरी म्हणालं. प्रेमराजनी त्याचे दोन्ही हात हातात घ्यायला आपले हात पुढे केले. अभिमननं डावाच दिला.

सगळे गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं. मग रायफल उचलून पडद्याआड आणली आणि तिच्यासमोर फडक्यावर ठेवली. 

हेमलतानं पुरणाचे हात धुतले, कोरडे केले. डाग द्यायची कहिया, म्हणजे सोल्डरिंगची सळई, विजेला लावली. ती तापेतो अभिमन उभाच होता.

"मी सांगणार व्हतू," तो म्हणाला.

"हं."

"सरनी मोबाईल काढा. त्यामा बठ्ठं राही जास. बठ्ठा जग पाहीन, का अभिमनना हात..." त्यानं उजवा हात पुन्हा खिशात घातला. "तुले काय, तू घरमा ऱ्हास. बाईले काय लागस?"

तिनं वर पाहिलं. खूप बोलण्यासारखं होतं. पडद्याइतकं जुनं, पडद्याइतकं धुळीनं भरलेलं. ते झटकायला लागलं, तर या घरात श्वास घेता आला नसता.

"सरका," ती म्हणाली. "उजेड अडस."

बारीक कानशीनं तिनं स्क्रूच्या मेलेल्या डोक्यावर नवी खाच पाडली, केसाइतकी. बुकणी ब्रशनं झाडली. कहियेचं टोक स्क्रूवर टेकवून धरलं. घाई केली तर साईटचा रंग जळतो, कमी तापलं तर लाल सोडत नाही. करपल्याचा कडू वास आला, आणि त्यातच शेंदराच्या तेलाचा. धातूनं ऊब धरली तसा तिनं खाचेत भरणारा डिसमिस घेतला आणि आधी किंचित आवळायच्या दिशेनं, मग उलटा, असा धीर देत देत स्क्रू हलवला. रुसलेलं पोर कोपऱ्यातून यावं तसा तो आला. आतले आटे वाचले होते. अभिमननं सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

तिनं स्पिरिटनं आटे धुतले, पुन्हा धुतले, फडक्यावर शेंदराचा डाग यायचा थांबेपर्यंत. डबीतून नवा स्क्रू शोधला. सुईच्या टोकावर निळा थेंब घेतला. ओठ हलले, पण गाणं आलं नाही. तिनं तो थेंब मुकाट्यानंच ठेवला, स्क्रू बसवला, आणि थांबली. ओरखड्यावर काळ्या शाईचा हलका हात फिरवला.

दिवेलागणीला बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. अभिमन देवळात सोनं द्यायला गेला होता. प्रेमराज गाडीतच बसून होते. दिपमाला एकटी दुकानात आली.

"काकू, झाली का? काका कुठायत?"

"झाली. ते बाहेर गेलेत." हेमलता रायफल घेऊन पडद्याबाहेर आली. दोन्ही हातांवर, बाळ आणावं तशी. "बघ, साईट हलवून बघ हळूच."

पोरीनं हात पुढे केले. मग आखडले.

"काकू..." ती बुटांकडे बघत म्हणाली. "टेबलावर ठेवता का? मी घेते उचलून. म्हणजे मी असलं काही मानत नाही, पण आई फोनवर म्हणाली, मॅच आहे, उगाच कशाला... तुम्ही राग नका मानू."

"नाही गं. राग कसला."

हेमलतानं रायफल टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. पोरीनं खिशातून रुमाल काढला. जिथं जिथं हेमलताचे हात होते ते सगळं, दस्ता, नळी, खालची बाजू, मनापासून पुसून घेतलं. वाईट पोरगी नव्हती. नुसती उद्याला भ्यालेली होती. रुमाल फिरत फिरत साईटपाशी आला.

"तेवढं राहू दे," हेमलता म्हणाली. "स्क्रूवर दाबू नको, बाळा. रात्रभर सुकू दे."

रुमाल थांबला. पोरीनं मान डोलावली, रायफल पेटीत ठेवली, आणि दारातून वळून म्हणाली, "काकांना थँक्यू सांगा हं."

"सांगते," हेमलता म्हणाली.